पिवळा म्हणजे पांढरा

आमच्या घरात प्रत्येक रंगाला दोन नावं होती. एक जगाने ठेवलेलं, ते आई वापरायची. दुसरं आबांचं, माझ्या वडिलांचं. फिका पिवळा म्हणजे पांढरा. पोपटी म्हणजे चांदीचा. शेंदरी म्हणजे काळा, "पर चुलीतल्या कोळशावानी मेल्याला काळा न्हवं, जित्ता काळा." आणि पांढरा? तो आबांच्या लेखी रंगच नव्हता, ती आफत होती. पांढरा कपडा दिव्यांखाली आला की पडद्यावर नुसता भगभगीत डाग उमटतो, नायकाचं तोंड त्यात बुडतं आणि कॅमेरामन शिंप्याच्या सात पिढ्यांची आठवण काढतो. आबांची उमेदीची सगळी वर्षं कोल्हापुरातल्या एका चित्रपट स्टुडिओच्या कपडेपटात गेली होती. राजे, सरदार, साधू, सावकार, साऱ्यांच्या अंगावरचं त्यांनी बेतलं. पण तो काळ कृष्णधवल चित्रपटांचा. राजाचं राजेपण पडद्यावर करड्या रंगाच्या आठ-दहा छटांतच दाखवायचं, आणि त्या छटा कापडाच्या दुकानात ठाणांवर मिळत नाहीत. त्या पिवळ्या-पोपट्यातून काढाव्या लागतात. हे गणित आबांना इतकं पाठ झालं होतं की रंग हा रंग म्हणून बघायची गरजच त्यांना कधी पडली नाही. भाजीवालीने टोमॅटो पुढे केला तर ते तो लाल आहे की नाही हे बघत असतील, पण त्यांच्या डोक्यात तो काळाच पडत असणार अशी माझी खात्री आहे. घरातली लुगडी, चादरी, माझी परकर-पोलकी, सगळं आई आणायची. का, ते कुणी बोलून दाखवत नसे.

कॅमेरामन लोक वापरतात तशी एक काळपट काच आबांकडे होती, गोट्यांतल्या मोठ्या गोटीएवढी, पितळेच्या कड्यात बसवलेली. तिच्यातून पाहिलं की रंग विझतात आणि फक्त उजेड-अंधार उरतो. स्टुडिओतल्या कुणा जुन्या कॅमेरामनने मुंबईला जाताना ती त्यांना दिली होती. दुसऱ्या घरांतले बाप जानवं किंवा तावीज सांभाळतात तशी आबा ती काच सांभाळत.

आम्ही मंगळवार पेठेत राहत होतो, दोन खोल्या आणि एक पडवी. मागच्या अंगाला तालीम होती. पहाटे पैलवानांच्या शड्डूंनी भिंत हादरायची, त्या पाठोपाठ गवळ्याच्या म्हशी दारात यायच्या, आणि मग आबांच्या मशीनचा आवाज सुरू व्हायचा. बाहेरगावच्या माणसांची अशी समजूत असते की कोल्हापुरात जन्मलेला माणूस सकाळ-संध्याकाळ तांबडा रस्सा पितो. आमच्या घरी सकाळी हुलग्याचं माडगं असायचं आणि संध्याकाळी भाकरी, खरडा, दही. रस्सा पाहुणा आला की व्हायचा, म्हणून पाहुण्यांची आम्ही मनापासून वाट पाहत असू. हे आमच्या आतिथ्याचं खरं कारण आहे, ग्रंथांत ते वेगळं दिलेलं असतं.

मी सांगते आहे त्या दिवसांत मशीनचा आवाज बंद पडून दोन वर्षं झाली होती. चित्रपट रंगीत झाले. जे निर्माते अजून कोल्हापुरात यायचे ते कपडे मुंबईहून पेटाऱ्यांत भरून आणायचे. आबांना कुणी काढलं नाही. नुसतं बोलावणं बंद झालं. काढलं असतं तर त्यांना भांडता तरी आलं असतं. ते सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून पडवीत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सदऱ्यांचे खांदे बघायचे. मोठी कात्री तेलाच्या फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवली होती. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, जसं घर सोडून गेलेल्या माणसाबद्दल बोलत नाहीत.

मला शिवणाची आवड होती असं मी म्हणणार नाही. मला वाचायची आवड होती, पण वाचायचा पगार कुणी देत नाही. म्हणून राजारामपुरीच्या एका गल्लीत प्रधानबाईंच्या शिवणवर्गात मी दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला. प्रधानबाई शिस्तीच्या होत्या, सुईला त्या 'उपकरण' म्हणत. त्यांच्या वर्गाची नवी शाखा निघायची होती आणि तिथे एक मदतनीस शिक्षिका लागणार होती. शेवटच्या परीक्षेत जी पहिली येईल तिला ती जागा, असं बाईंनी साऱ्या वर्गासमोर सांगितलं. मला ती जागा हवी होती. पगारासाठी हवी होती, आणि त्याहून जास्त एवढ्यासाठी की घरातलं कुणीतरी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून पडवीत न बसता बाहेर पडावं.

परीक्षेचा मोठा भाग प्रकल्पाचा होता. रंगमंचावरचा भरजरी पोशाख शिवायचा, तो वर्गाच्या स्नेहसंमेलनात कुणीतरी घालून वावरायचं, पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई तो आधी रंगमंचावर आणि मग टेबलावर तपासणार. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या तोडीच्या शैलाला कोळीण आली, कुणाला नवरी आली, मला राजा आला. संमेलनातलं नाटुकलं प्रधानबाईंच्या यजमानांनी लिहिलं होतं. त्यात एक राजा आपलं राज्य दान करतो आणि तसं करण्याआधी साडेतीन पानं बोलतो. साडेतीन पानं ऐकल्यावर कुणीही ते राज्य घेतलं नसतं, हे माझं तेव्हाचं मत आजही बदललेलं नाही.

जेवताना मी सांगितलं, "आबा, मला प्रकल्पात राजा आलाय."

आबांचा घास हातातच थांबला. "कोणचा राजा?"

"कोणताही. नुसता राजा."

"नुसता राजा कसा आसंल? जिंकल्याला का हरल्याला?"

"दान करतो. सगळं राज्य देऊन टाकतो."

"म्हंजे हरत आल्याला," आबा म्हणाले. "मग खांदा जरा उतरता पायजे. बाही लांब. जिंकल्याल्या राजाचं मनगाट दिसतं, हरल्याल्याचं दिसू द्यायचं नसतं."

आई भाकरी थापता थापता थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत आबा एका दमात इतकं बोलले नव्हते.

छापील नियमांचा कागद मी त्यांना वाचून दाखवला: काम विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने करावं, बाहेरच्या कुणाचीही मदत घेऊ नये. आबांनी तो कागद घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक अडकवले. "हात न्हाय लावत," ते म्हणाले. "त्वांड हाताच्यात धरत न्हाईत." पुढचे दीड महिने ते माझ्या कामाजवळ आले की त्यांचे हात असे पाठीमागे जायचे. कापड घसरून खाली पडलं तरी ते उचलायचे नाहीत. "मंदे, कापाड पडलं," एवढं म्हणून त्याच्याकडे बघत उभे राहायचे. मी नंतर बरीच माणसं पाहिली, नियम पाळणारी, नियम करणारी, नियमांवर व्याख्यानं देणारी. नियमाचा एवढा त्रास करून घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

कापड आणायला मात्र ते सोबत आले, कारण खरेदी म्हणजे शिवण नव्हे. महाद्वार रोडवरच्या दुकानात मालकाने त्यांना ओळखलं, चहा मागवला. आबांनी खिशातून काच काढली आणि ठाणांमागून ठाणं तिच्यातून पाहिली. अंगरख्याला फिका पिवळा साटीन. घेराच्या कळ्यांना पोपटी. छातीवरच्या पट्टीला आणि काठाला शेंदरी. गोटाला गडद जांभळा. शेल्याला राणी रंग. पुड्यापुड्यांनी टिकल्या. एकेक कापड फाडलं जाताना मी बघत होते. दुकानदारही बघत होता.

"आबासाब, घरात लगीन काढलंय का जत्रा?" तो शेवटी म्हणाला.

"दरबार हाय," आबा म्हणाले.

मी तिथेच बोलायला हवं होतं. आबा, रंगमंचाला कॅमेरा नसतो, माणसं उघड्या डोळ्यांनी बघणार आहेत. एवढं एकच वाक्य होतं. आजही कधीकधी मी ते घरात एकटीच असताना म्हणून बघते. काही अवघड नाही. पण त्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना आबा माझ्या पुढे चालत होते. दोन वर्षांत ते कधी कुणाच्या पुढे चालले नव्हते. कापडाचा गठ्ठा काखेत मारून, समोरून येणाऱ्या सायकलींना हाताने थांबवत ते चालले होते, आणि एका ओळखीच्याने "काय, कुठनं?" विचारल्यावर त्यांनी न थांबता सांगितलं, "काम हाय." मी ते वाक्य गिळलं.

आईने घरी गठ्ठा सोडला. आबा न्हाणीत गेले तेव्हा हळूच म्हणाली, "गं बाई. राजा हाय का राघू?"

"तू सांग त्यांना."

"मी? तुझा राजा हाय. तूच सांग."

"आई, परीक्षा माझी आहे. पहिली आले नाही तर जागा शैलाला जाईल."

"ते बी खरंच." तिने पोपटी साटीन उचलून पुन्हा खाली ठेवला. "पर ह्यास्नी सांगायचं म्हंजे काय सांगायचं? हे कापाड बदला, आसं न्हाय नव्हं. चाळीस वरसं जे शिकला ते आता कुणाच्या उपेगाचं न्हाय, आसं सांगायचं. मला न्हाय जमायचं. तुला जमत आसंल तर सांग, मी आडवी यायची न्हाय."

मला जमलं नाही.

शिवण सुरू झाली. आबांनी मला त्या दीड महिन्यात जे शिकवलं ते बाईंच्या दोन वर्षांत नव्हतं. बाही खांद्याला टाचण्याआधी हात वर करून, खाली करून, कमरेवर ठेवून बघायचं. राजा हात कमरेवर ठेवतो तेव्हा काखेत चुणी पडली तर तो राजा राहत नाही, हमाल होतो. कळी तिरक्या सुताची कापायची, म्हणजे घेर चालताना मागून येतो, माणसाच्या आधी धावत नाही. शिवणीच्या आत दाबाचं कापड भरपूर सोडायचं, कारण आज हा राजा आहे, उद्या त्याच कपड्यात दुसरा जाडा राजा येणार. आमचं भांडण झालं ते एकदाच, पाठीवरून. आबांचं म्हणणं, पाठीला जुनं धोतर लाव, कॅमेरा मागं जात न्हाय. मी म्हटलं, आबा, नाटकात माणूस वळतो. "कशाला वळतो?" "आत जायला." आबांनी यावर विचार केला. "नाटकवाल्यांचं काम लई उधळं," ते म्हणाले, आणि पाठ साटीनची करायला परवानगी मिळाली. त्या क्षणी आपण अर्धं खरं सांगितलं असं मला वाटलं. उरलेलं अर्धं पुन्हा राहून गेलं.

टिकल्या लावायला सर्वात जास्त वेळ लागला. त्या हातानेच लावायच्या, एकेक करून, टाका मागे घेऊन. आई शेजारी शेंगा फोडत बसायची. तिलासुद्धा आबा सुईत दोरा ओवू द्यायचे नाहीत. "कागदात बाहेरच्या कुणाचीबी असं हाय." "मी बाहेरची हाय व्हय?" "कागदाला तू बाहेरचीच." यावर आईने जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही, पण तालमीतल्या पैलवानांनी ते भिंतीपलीकडून ऐकलं आणि बराच वेळ शड्डू थांबले होते.

पोशाख पुरा झाला त्या दुपारी मी तो दारावर टांगला. पिवळा, पोपटी, शेंदरी, जांभळा, आणि सगळ्यावर टिकल्या. मिठाईच्या दुकानाची काच फुटून सगळी बर्फी भिंतीवर उडावी तसं ते दिसत होतं. आबा हात मागे बांधून समोर उभे राहिले. मग त्यांनी काच डोळ्याला लावली आणि किती वेळ ती खाली घेतलीच नाही. नंतर ती माझ्यापुढे धरली.

मी पाहिलं. दारात राजा उभा होता. अंगरखा चांदण्यासारखा शुभ्र, पण त्या शुभ्राला खोली होती. कळ्यांवर जुन्या चांदीची झाक, आणि छातीवरून खाली उतरणारी काळी पट्टी, टिकल्या तिच्यात ठिणग्यांसारख्या. दोन्ही खांदे किंचित उतरलेले, लांब बाह्यांत मनगटं लपलेली. तो देऊन टाकणारा राजा होता. त्याला साडेतीन पानं बोलायची काही गरज नव्हती. मी काच काढली: राघू. काच लावली: राजा. हे मी तीन-चारदा केलं. मला वाटलं, प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला दारात अशी एकेक काच द्यावी. आबांना कसं सांगायचं हा प्रश्न त्या दुपारी माझ्यापुरता संपला. जे मी पाहिलं ते चूक आहे असं म्हणणं मला शक्य नव्हतं. जी चूक होती ती बाकीच्या जगाची होती, आणि परीक्षा मात्र बाकीचं जग घेणार होतं.

स्नेहसंमेलन भर दुपारी होतं, भाड्याच्या सभागृहात. आधी दीपप्रज्वलन झालं. वारा असल्यामुळे ते तीनदा झालं. मग स्वागतगीत, मग हार, मग हार घालणाऱ्यांना हार. प्रमुख पाहुणे कुठल्याशा पतपेढीचे अध्यक्ष होते. त्यांनी शिवणकलेचं महत्त्व सांगताना सुईला तलवारीची उपमा दिली आणि मग ती उपमा परत घ्यायची विसरून ते बराच वेळ लढाईवरच बोलले. परीक्षक बाई तिसऱ्या रांगेत वही घेऊन बसल्या होत्या. चष्मा, फिकट निळी सुती साडी, तोंडावर दमणूक. आबा सर्वात मागे, खिडकीजवळ उभे होते. आई आली नव्हती. "मला बघवायचं न्हाय," एवढंच ती म्हणाली होती, आणि कुणाचं बघवायचं नाही हे तिने सांगितलं नाही.

राजा व्हायला आमच्या वर्गातली पद्मा मगदूम होती. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातली, पाच फूट नऊ इंच उंच, उसाच्या फडात हाक मारायची सवय असलेला आवाज. विंगेत पोशाख चढवून तिने आरशात पाहिलं आणि मला म्हणाली, "मंदा, अंगाला कसा बसलाय बघ. जन्मात असलं काय घातलं न्हाय." मग जरा थांबून, "रंग तेवढा जरा... बरं, जाऊ दे. मी बघून घेतो." पद्मा स्वतःबद्दल बोलताना कधीकधी पुरुषासारखी क्रियापदं वापरायची, आमच्याकडच्या बऱ्याच मुली तेव्हा वापरत.

पडदा सरकला. दिवे होते चार, झगझगीत. पद्मा मधोमध येऊन उभी राहिली आणि एक क्षण सभागृह नुसतं बघत राहिलं. मग पहिल्या रांगेतलं एक लहान पोर मोठ्याने ओरडलं, "आई, विदूषक!" आणि सगळं सभागृह फुटलं. मुली बाकांवर आपटून हसत होत्या. प्रमुख पाहुण्यांनी हसू आवरायला तोंडाशी हार धरला. मी विंगेतून मागे खिडकीकडे बघितलं. आबा हसणाऱ्या माणसांकडे बघत होते, रंगमंचाकडे नाही. एकेका चेहऱ्याकडे, डावीकडून उजवीकडे, जसं ते पडवीतून खांदे बघायचे. त्यांनी खिशात हात घातला. मला वाटलं काच काढतील. पण त्यांनी हात तसाच रिकामा बाहेर काढला आणि मग उघड्या डोळ्यांनी रंगमंचाकडे पाहिलं.

पद्मा हलली नाही. हसणं जरा ओसरू दिलं, मग शेला सावरून, एक पाऊल पुढे येऊन, फडातल्या आवाजात म्हणाली, "झालं का हसून, पावणं? राज्य द्यायला आलोय, घेणार असला तर बसा." हे नाटकात नव्हतं. टाळ्या पडल्या, लोक गप्प बसले, आणि साडेतीन पानांतली दोन तिने गाळली, त्याबद्दल तर सभागृह तिचं ऋणी राहिलं असणार. वळून आत जाताना तिचा घेर तिच्या मागून आला. मी आणि बहुधा आबा, दोघांनीच ते पाहिलं असेल.

टेबलावरची तपासणी मागच्या खोलीत होती, दार उघडं. परीक्षक बाईंनी अंगरखा उलटा केला आणि आतल्या बाजूवरून बोट फिरवायला सुरुवात केली. त्यांचं बोट काखेशी थांबलं. त्यांनी चष्मा काढून तो भाग खिडकीकडे धरला.

"ही बाही तू बसवलीस?"

"हो."

"स्वतः?"

"हो. घरी बसून मीच शिवली सगळी."

"इतकी चांगली बसवलेली बाही मी खूप दिवसांत पाहिली नाही," त्या म्हणाल्या. हे त्या मला नव्हे, बाहीलाच म्हणाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी अंगरखा सुलट केला आणि त्यांच्या चेहऱ्यावरची दमणूक परत आली. "आणि हे रंग? रंग कुणी निवडले?"

दाराबाहेर, कपडे न्यायची ट्रंक घेऊन, आबा उभे होते. माझ्यापासून चार हातांवर. नियमाचा कागद टेबलावरच होता. आबांचं नाव घेतलं असतं तर बाहेरची मदत झाली असती. कॅमेरा, काच, करड्या छटा, सारं समजावून सांगितलं असतं तरी ते गणित कुणाचं हा पुढचा प्रश्न आलाच असता. आणि मला हेही माहीत होतं की यातलं कुठलंच कारण माझं खरं कारण नव्हतं.

"मी निवडले," मी म्हणाले.

"का?"

"मला आवडले."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाईट नजरेने नाही. मग वहीत लिहिता लिहिता, दोन बायका वाटणावरून बोलतात तशा सहज आवाजात म्हणाल्या, "हाताला शिक्षण आहे तुझ्या. डोळ्याला नाही. डोळा नंतर येत नाही, बघ." आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

मी दुसऱ्या श्रेणीत पास झाले. नव्या शाखेची जागा शैलाला मिळाली. ती चांगली मुलगी होती आणि तिने ती चांगली सांभाळली. मला पुढे एका कन्याशाळेत शिवण शिकवायला मिळालं, ते बऱ्याच वर्षांनी, वेगळ्या वाटेने. ते इथे सांगण्यासारखं नाही. मी मुलींना बाही बसवायला शिकवायची तेव्हा माझे हात आपोआप पाठीमागे जायचे, एवढंच.

त्या दिवशी ट्रंक आबांनी उचलली. परीक्षा संपली होती, आता त्यांना हात लावायला हरकत नव्हती. आम्ही राजारामपुरीतून चालत निघालो. पुलापर्यंत ते ट्रंक खांद्यावर घेऊन चालले. मग ट्रंक खांद्यावरून उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवली आणि तिच्यावर बसले.

"खोटं कशापायी बोललीस?"

"नियम होता."

"नियमापायी न्हाय बोललीस." मी रस्त्याकडे बघितलं. "त्यो डोळा माझा व्हता," आबा म्हणाले. "ती बाई म्हनली त्यो. त्यो माझा व्हता, तुझा न्हाय. उद्या जाऊन सांगतो तिला."

"सांगितलंत तर नापास होईन."

त्यांनी यावर विचार केला. माझ्या बाजूने आणि त्यांच्या बाजूने, दोन्हीकडून केला असावा. "मग न्हाय सांगत," ते म्हणाले. "पर मग तू मला सांग. ती हसली ती माणसं, त्यांस्नी काय दिसलं? नीट सांग. माझं मन राखू नगंस."

मग मी सांगितलं. ट्रंक उघडली आणि रस्त्याच्या कडेला, उन्हात, एकेक कापड धरून सांगितलं. हा पोपटी आहे, चांदीचा नाही. तो डोळ्यात ओरडतो. त्याच्याशेजारी शेंदरी आला की दोघं भांडतात, आणि कुणीच हटत नाही. पिवळा एकटा असता तर शांत दिसला असता, पण इथे तो आजारी दिसतो. राणी रंग वाईट नाही, पण तो स्वतःकडे बघायला लावतो, राजाकडे बघू देत नाही. जाणारे-येणारे सायकली हळू करून बघत होते, एका मुलीने आईचा पदर ओढून टिकल्या दाखवल्या. आबा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "आन् ह्यो?" आणि रस्त्यापलीकडच्या पानाच्या टपरीकडे बोट केलं. "तो हिरवा आहे, आबा. पण मळकट, म्हणून चालतो." "आन् ती बाई?" "जांभळं लुगडं. चोळी पिवळी. तिला छान दिसतंय ते." ते त्या बाईकडे, टपरीकडे, सायकलींकडे, एका दुकानाच्या पाटीकडे, आभाळाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे पाणावले, पण उन्हाने असेल.

"म्हंजे माणसं येवढं समदं बघत असत्यात?" ते शेवटी म्हणाले. "सकाळधरनं रात्रीपत्तुर, समद्या रंगांत?"

"हो, आबा."

"दमत न्हाईत व्हय गं?"